ढग भाड्याने देणे आहे

मायक्रोसॉफ्टच्या हिशेबात भारताचा मध्य नागपुरात नाही, पुण्यात आहे. खोटं वाटत असेल तर त्यांच्या अझ्युर या क्लाऊडवर एखादं मशीन भाड्याने घ्यायला जा. ‘कुठलं हवं?’ या यादीत ‘सेंट्रल इंडिया’ नावाचा पर्याय दिसेल. त्याचा पत्ता पुणे. २०१५ च्या सप्टेंबरात त्यांनी भारतात तीन ठिकाणी दुकान उघडलं. चेन्नईला ‘दक्षिण’ म्हटलं, मुंबईला ‘पश्चिम’ आणि पुण्याला ‘मध्य’. नागपूरच्या झिरो माइलच्या दगडाने हे ऐकलं तर तो जागचा हलेल. पुणेकरांना मात्र यात बातमी काय आहे तेच कळणार नाही.

मला हे कळलं पाण्याच्या टँकरमुळं. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात दिवसाला चार टँकर येतात आणि वॉचमनच्या वहीत त्यांची नोंद होते. ही वही दर मे महिन्यात हरवते. टँकरवाल्याचं बिल मात्र एकदाही हरवलेलं नाही. ‘तू कॉम्प्युटरमधली ना? मग एक ॲप करून दे की,’ असं सेक्रेटरी काका म्हणाले आणि मी काही बोलायच्या आत जिना उतरून गेले. मी कॉम्प्युटरवर लेख लिहिते, प्रोग्रामिंग कॉलेजातच सुटलं, हे त्यांना आजतागायत माहीत नाही. मग दोन महिने रात्री बसून शिकले. ॲप झालं चार पानांचं, पण शिकताना सापडलेल्या गमतींनी एक वही भरली. त्या वहीतली ही पानं.

ढग असतो जमिनीवरच

नेटवर्कचं चित्र काढताना इंजिनिअर लोक पूर्वीपासून एक ढग काढायचे. अर्थ एवढाच की इथून पुढचं आपलं नाही, तिकडं काय चालतं ते त्यांचं ते बघतील. हा ढग म्हणजे ‘आम्हाला काय करायचंय’ याचं चित्रलिपीतलं रूप. १९९६ साली कॉम्पॅक कंपनीच्या एका अंतर्गत कागदात ‘क्लाऊड कम्प्युटिंग’ हे शब्द सापडतात. ते लोकांच्या तोंडी बसले त्यानंतर दहा वर्षांनी, म्हणजे २००६ च्या ऑगस्टमध्ये गुगलच्या एरिक श्मिट यांनी एका परिषदेत ते वापरल्यावर. आपल्या केंद्र सरकारनं स्वतःचा क्लाऊड काढला तेव्हा मात्र बारसं अगदी थाटात केलं. त्याचं नाव ‘मेघराज’.

प्रत्यक्षात क्लाऊड नावाचा हा मेघ नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात उतरलेला आहे. बिनखिडक्यांच्या इमारती, आत मशीनच्या रांगा, त्यांना थंड ठेवायची यंत्रं आणि वीज गेलीच तर म्हणून डिझेलचे जनरेटर. मुंबईच का, याचं उत्तर वर्सोव्याच्या किनाऱ्यावर आहे. समुद्राच्या तळातून आलेल्या इंटरनेटच्या कितीतरी केबल तिथं जमिनीवर येतात. वर्सोव्याला लोक मासळी घ्यायला जातात, त्यांच्या पायाखालून युरोपचे ईमेल सरकत असतात.

व्हर्जिनियाला जाऊन येते

नवखा माणूस करतो ती पहिली चूक मीही केली. शिकवणीच्या व्हिडिओतला मुलगा अमेरिकेत बसला होता, त्यानं ‘नॉर्थ व्हर्जिनिया’ निवडलं, मीही निवडलं. म्हणजे आमच्या गेटवर टँकर आला की त्याची नोंद सुमारे १३ हजार किलोमीटरवर जाऊन पडणार.

आता हिशेब बघा. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर धावतो. जाऊन-येऊन २६ हजार किलोमीटर म्हणजे किमान १३० मिलिसेकंद, तेही केबल सरळ रेषेत टाकली असेल तर. हे कमी वाटतं, पण एक पान उघडायला ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात वीसेक फेऱ्या झाल्या तर अडीच सेकंद गेले. वॉचमन तेवढ्या वेळात तीनदा बटण दाबतो आणि एका टँकरचे तीन होतात. मशीन पुण्यात असेल तर मुंबईहून हीच एक फेरी सव्वा मिलिसेकंदाची. ॲमेझॉनच्या क्लाऊडचं, म्हणजे एडब्ल्यूएसचं, मुंबई रीजन २०१६ च्या जूनमध्ये सुरू झालं, गुगलचं २०१७ मध्ये. त्याआधीची आपल्याकडची किती ॲप्स ‘फिरतंय, फिरतंय’ म्हणत सिंगापूरला जाऊन यायची, आठवा.

रीजनच्या पोटात आणखी वेगवेगळ्या इमारतींचे गट असतात, त्यांना झोन म्हणतात. नावं सरळ ए, बी, सी. इथं एडब्ल्यूएसनं मनुष्यस्वभाव ओळखून एक मजा करून ठेवली आहे. यादीत पहिलं दिसतं तेच माणूस निवडतो. तसं झालं असतं तर ‘ए’मध्ये रेटारेटी आणि ‘सी’त शुकशुकाट. म्हणून त्यांच्या जुन्या रीजन्समध्ये ही अक्षरं प्रत्येक खात्यासाठी पिसून वाटलेली आहेत. माझा ‘ए’ हा तुमचा ‘सी’ असू शकतो. शाळेत दोन समांतर तुकड्यांना ‘अ’ आणि ‘ब’ न म्हणता फुलांची नावं देतात, तसंच काहीसं.

तासाला दहा सेंट

क्लाऊडचा जन्म सिलिकॉन व्हॅलीतला, असं वाटतं ना? एडब्ल्यूएसचं ईसी टू, म्हणजे तासावर भाड्याने मिळणारं मशीन, घडलं दक्षिण आफ्रिकेत, केपटाऊनला. क्रिस पिंकहॅम या इंजिनिअरला मायदेशी परतायचं होतं, ॲमेझॉनला त्यांना सोडायचं नव्हतं, मग कामच तिकडं गेलं. २००६ च्या ऑगस्टमध्ये मशीन बाजारात आलं. पावणेदोन जीबी रॅम, १६० जीबी डिस्क, भाडं तासाला दहा सेंट. आज खिशातल्या स्वस्तातल्या फोनला याहून जास्त रॅम असते.

‘दिवाळी-नाताळच्या गर्दीसाठी घेतलेले सर्व्हर वर्षभर पडून राहायचे, ते ॲमेझॉननं भाड्यानं दिले’ ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. गोष्ट छान आहे, पण खरी नाही. कंपनीचे तंत्रप्रमुख वर्नर फोगल्स यांनी ती जाहीरपणे खोडून काढली आहे. जरा विचार केला तरी कळतं. भाडेकरू ठेवला आणि पुढच्या नाताळात आपल्यालाच खोली लागली तर त्याला काय बाहेर काढणार?

दहा सेंटची खरी करामत २००७ साली दिसली. न्यूयॉर्क टाइम्सकडं एकोणिसाव्या शतकापासूनचे १ कोटी १० लाख जुने लेख स्कॅन करून पडले होते, त्यांच्या पीडीएफ करायच्या होत्या. तिथल्या एका प्रोग्रामरनं १०० मशीन भाड्याने घेतली आणि एका दिवसाच्या आत काम संपवलं. १०० मशीन गुणिले २४ तास गुणिले १० सेंट म्हणजे २४० डॉलर. शंभर मशीन विकत घ्यायची मंजुरी घ्यायला कुठल्याही ऑफिसात याहून जास्त रुपयांचा चहा लागला असता.

मीटर पडतंय

पण या हिशेबाची दुसरी बाजू मला गणपतीत कळली. ‘जरा मोठं मशीन घेऊन बघू, लगेच बंद करू’ म्हणून एका शुक्रवारी मोठं मशीन चालू केलं आणि शनिवारी पहाटे रत्नागिरीची गाडी पकडली. आरत्या झाल्या, मोदक झाले, गौरी जेवल्या. दहा दिवसांनी घरी येऊन लॅपटॉप उघडला तर मशीन तसंच, इमानेइतबारे, कुणाचीही वाट न पाहता चालू. गीझर चालू ठेवून गावाला गेल्यावर पोटात जो गोळा येतो ना, तोच आला. बिल ३,४०० रुपये. घाईघाईनं मशीन बंद केलं. पुढच्या महिन्यात पुन्हा बिल! मशीन बंद होतं, पण त्याची डिस्क तशीच होती. भाडेकरू गेला तरी त्याचं कपाट खोलीत राहिलं, म्हणून कपाटाचं भाडं.

बजेटचा इशारा लावता येतो, तो मी त्या दिवशी लावला. नंतर कळलं की तो फक्त इशाराच असतो. बिल भरलं नाही तर वीज मंडळाचा माणूस येऊन वायर तोडतो, तसं इथं आपोआप कुणी येत नाही. ‘तुमचं बजेट संपलं बरं का,’ असा ईमेल येतो आणि मीटर पुढं पळत राहतं.

खातं उघडताना कार्ड खरं आहे ना हे बघायला एडब्ल्यूएस आपल्याकडं दोन रुपये कापतं. तेवढ्या दोन रुपयांत आपण जगातल्या सर्वांत मोठ्या मशीनघराचे भाडेकरू होतो. पूर्वी नवख्यांना वर्षभर दरमहा ७५० तास छोटं मशीन फुकट मिळायचं. आकडा विचित्र वाटतो, पण ३१ दिवसांच्या महिन्यात ७४४ तास असतात. म्हणजे बरोबर एक मशीन, अष्टौप्रहर, वर सहा तास घोळ घालायला. दोन मशीन लावली की पंधरवड्यात खेळ खलास. आता, म्हणजे जुलै २०२५ पासून, नव्या खात्यांना तासांऐवजी २०० डॉलरपर्यंतचं क्रेडिट मिळतं.

भाड्याच्या जगातले काही नियम मात्र वाचून हसू येतं. एडब्ल्यूएसवर मशीनला कायमचा आयपी पत्ता घेतला आणि तो वापरला तर बरीच वर्षं पैसे पडत नसत. घेऊन नुसता ठेवला तर पडायचे! पत्ते मोजके, त्यामुळं अडवून बसणाऱ्याला दंड. एसटीत रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांना हा नियम कुणीतरी लावायला हवा होता. १ फेब्रुवारी २०२४ पासून मात्र वापरा नाहीतर पडू द्या, तासाला अर्धा सेंट सरसकट.

आणि याच मीटरची सर्वांत भारी गोष्ट २०२४ सालची. एका डेव्हलपरनं एस थ्री या साठवणीच्या सेवेवर एक रिकामी बकेट करून ठेवली. बकेट म्हणजे फायली ठेवायचा डबा. दोन दिवसांनी बिल बघतो तर १,३०० डॉलरच्या वर. रिकाम्या डब्याचं! झालं होतं असं, की लोक सर्रास वापरतात अशा एका फुकट सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये उदाहरण म्हणून जे बकेटचं नाव लिहिलं होतं, नेमकं तेच नाव या पठ्ठ्यानं निवडलं होतं. ज्यांनी ते सेटिंग बदललं नव्हतं, त्या सगळ्यांची मशीन जगभरातून त्याच्या दारावर धडका मारत होती, एका दिवसात जवळपास दहा कोटी वेळा. दार बंदच होतं, एकही फाइल आत गेली नाही, पण प्रत्येक ‘नाही, परवानगी नाही’ या उत्तराचे पैसे दाराच्या मालकाला लागत होते. बोभाटा झाल्यावर एडब्ल्यूएसनं महिन्याभरातच नियम बदलला. आता अशा आगंतुकांचं बिल घरमालकाच्या नावावर पडत नाही.

नावात बरंच काही आहे

या बकेटचं नाव जगात एकमेव असावं लागतं. तुमच्या खात्यात नव्हे, अख्ख्या जगात. मी ‘टँकर’ लिहिलं, गेलेलं. ‘पाणी’, गेलेलं. ‘गणपती’ तर जाणारच. शेवटी सोसायटीचं नाव, विंग आणि पिनकोड असा लग्नपत्रिकेइतका लांब मजकूर घातला तेव्हा कुठं जमलं. मर्यादा ६३ अक्षरांची आहे, पण आमच्या सोसायटीचं नाव ‘सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित’सकट लिहिलं तर तीही अपुरी पडेल.

एस थ्रीचा वाढदिवस १४ मार्च, साल २००६. पंधराव्या वाढदिवसाला, २०२१ साली, तिथं १०० लाख कोटींहून जास्त वस्तू जमा झाल्या होत्या. सोपं करून सांगायचं तर एक कोटी गुणिले एक कोटी. आणि टिकाऊपणाचं वचन काय, तर ९९.९९९९९९९९९ टक्के, म्हणजे नऊ हा आकडा अकरा वेळा. तुम्ही एक कोटी फायली ठेवल्यात तर दहा हजार वर्षांत सरासरी एक हरवेल. आमची वही दर मे महिन्यात हरवते, हे पुन्हा सांगते.

किल्ली पायपुसण्याखाली

क्लाऊडवरच्या खात्याला प्रोग्राममधून हात घालायचा तर किल्ली लागते, म्हणजे अक्षरांची एक लांबलचक माळ. नवशिके ती प्रोग्राममध्येच लिहितात आणि हौसेनं तो प्रोग्राम गिटहब या प्रोग्राम ठेवायच्या साइटवर सगळ्यांना दाखवायला टाकतात. झालं. गिटहबवर नवी पडलेली प्रत्येक ओळ चाळत बसलेले बॉट असतात. त्यांचं काम सोपं करणारी गोष्ट म्हणजे एडब्ल्यूएसच्या कायमच्या किल्लीची सुरुवात ‘एकेआयए’ याच चार अक्षरांनी होते. चोरानं फक्त ती चार अक्षरं शोधायची. मग तुमच्या नावावर ढीगभर मशीन चालू होतात, त्यांवर कुणीतरी क्रिप्टो खणतो आणि बिल तुमच्या दारात. खुद्द कंपन्याही हीच चार अक्षरं शोधत फिरतात आणि सापडली की मालकाला कळवतात. म्हणजे पायपुसण्याखाली किल्ली ठेवली की चोर आणि पोलीस दोघंही एकाच वेळी पायपुसणं उचलतात. आधी कोण पोचतो एवढाच प्रश्न.

सर्व्हर नसलेला सर्व्हर

मोठ्या मशीनचा धडा मिळाल्यावर मी ‘सर्व्हरलेस’कडं वळले. सर्व्हर असतोच, फक्त तो आपल्याला दिसत नाही. केटररचा भटारखाना पंगतीत दिसत नाही तसा. एडब्ल्यूएसनं २०१४ मध्ये लॅम्डा आणलं. तुम्ही फक्त एक छोटा प्रोग्राम द्यायचा, कुणी बोलावलं तर तो उठतो, काम करतो, झोपतो. सुरुवातीला भाडं १०० मिलिसेकंदांच्या टप्प्यानं लागायचं, २०२० च्या डिसेंबरपासून एकेका मिलिसेकंदाचं लागतं. डोळ्याची पापणी लवायला याच्या शंभरपट वेळ लागतो, तेव्हा हे मीटर किती बारीक असेल बघा. एका दमात पंधरा मिनिटांपेक्षा जास्त काम मात्र तो करत नाही. त्याचा हा बाणा बघून मला आमच्या प्लंबरची आठवण झाली.

दरमहा पहिल्या १० लाख हाका फुकट. आमचे दिवसाला चार टँकर, म्हणजे महिन्याला १२० हाका. एका महिन्याचा फुकट कोटा संपवायला आम्हाला सुमारे सातशे वर्षं लागतील. देवगिरीचं यादवांचं राज्य बुडालं त्या सुमारास टँकर सुरू केले असते, तर एव्हाना कुठं एका महिन्याचा कोटा पुरा झाला असता.

त्रास एकच. बराच वेळ कुणी बोलावलं नाही तर लॅम्डा गाढ झोपतो आणि पहिल्या हाकेला उठायला वेळ घेतो. याला ‘कोल्ड स्टार्ट’ म्हणतात. डिसेंबरच्या सकाळी जुन्या स्कूटरला आडवी करून किक मारलेली ज्यांना आठवते, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

तांडेल आणि देवमासा

‘माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय!’ हे वाक्य आयटीतल्या प्रत्येक भांडणात एकदा तरी येतं. त्यावर उतारा म्हणून डॉकर आलं. प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं सामान एका पेटीत भरायचं आणि पेटीच उचलून क्लाऊडवर ठेवायची. मार्च २०१३ मध्ये सोलोमन हाइक्स यांनी एका परिषदेत पाच मिनिटांत हे दाखवलं. पाच मिनिटांत! आपल्याकडं तेवढ्यात प्रमुख पाहुण्यांचा परिचयही होत नाही. बोधचिन्ह म्हणजे पाठीवर कंटेनर रचलेला देवमासा. मूळ कल्पना बंदरावरचीच. १९५६ साली ‘आयडियल एक्स’ नावाचं जहाज ५८ पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला गेलं आणि जगाची मालवाहतूक बदलली. उरणच्या रस्त्यावर ट्रेलरमागं अडकलात तर शिव्या त्या जहाजाला घाला.

पेट्या फार झाल्या की त्या हाकायला कुबरनेटिस. गुगलनं २०१४ मध्ये आणलं. हा ग्रीक शब्द आहे, अर्थ सुकाणू धरणारा. कोकणच्या किनाऱ्यावर ज्याला तांडेल म्हणतात, तोच. नाव उच्चारायला अवघड म्हणून लोक इंग्रजीत के-एट-एस लिहितात, के आणि एस यांच्यामध्ये आठ अक्षरं म्हणून. चिन्हातल्या सुकाणूच्या चक्राला आरे सात, कारण प्रकल्पाचं गुप्त नाव ‘सेव्हन’ होतं, स्टार ट्रेकमधल्या ‘सेव्हन ऑफ नाइन’वरून. टँकरच्या चार नोंदींसाठी कुबरनेटिस वापरू का, असं मी एका ओळखीच्या इंजिनिअरला विचारलं. तो म्हणाला, ‘ताई, भाजी आणायला जेसीबी न्याल का?’

फेब्रुवारी ढगाला मानवत नाही

२८ फेब्रुवारी २०१७. एडब्ल्यूएसचा एक इंजिनिअर बिलिंगची गडबड दुरुस्त करताना थोडे सर्व्हर बंद करायची आज्ञा टाइप करतो. आकड्यात चूक होते आणि भलतेच जास्त सर्व्हर बंद पडतात. व्हर्जिनियातलं एस थ्री काही तासांसाठी झोपतं आणि त्याच्यावर उभ्या असलेल्या असंख्य साइट त्याच्यासोबत. कळस म्हणजे ‘कुठली सेवा बंद आहे’ हे दाखवणारं कंपनीचं पान बदलायची सोयही एस थ्रीवरच अवलंबून होती. त्यामुळं पानावर बराच वेळ सगळं हिरवंगार, आलबेल.

त्याआधी २९ फेब्रुवारी २०१२. अझ्युरच्या मशीनना एक वर्ष मुदतीचं प्रमाणपत्र आपोआप मिळायचं. प्रोग्रामरनं मुदत कशी काढली? आजच्या तारखेत वर्ष एकानं वाढवून. निघाली २९ फेब्रुवारी २०१३. अशी तारीखच नाही! प्रमाणपत्र मिळेना, मशीन उठेना, आणि यंत्रणा समजली की हार्डवेअरच बिघडलंय. अधिक मास आणि क्षयमास शेकडो वर्षं सांभाळणाऱ्या आपल्या पंचांगकर्त्यांना तिथं अर्ध्या दिवसासाठी जरी बसवलं असतं, तरी काम झालं असतं.

मे २०२४ ची गोष्ट ऑस्ट्रेलियातली. युनिसुपर या सहा लाखांहून जास्त सभासदांच्या पेन्शन फंडाचं गुगल क्लाऊडवरचं बिऱ्हाडच नाहीसं झालं. मांडणी करताना गुगलच्या बाजूनं एक रकाना कोरा राहिला होता आणि कोऱ्या रकान्याचा अर्थ यंत्रणेनं लावला ‘मुदत एक वर्ष’. वर्ष भरल्यावर तिनं निमूटपणे सगळं पुसलं. फंडानं बॅकअप आणखी एका कंपनीकडंही ठेवले होते, म्हणून आठवड्याभरानं संसार पुन्हा उभा राहिला.

आणि अगदी अलीकडची, २० ऑक्टोबर २०२५. आपल्याकडं नरक चतुर्दशी. अभ्यंगस्नान, फराळ उरकून लोक फोन हातात घेऊन बसलेले, दुपारी सव्वाबाराच्या सुमाराला व्हर्जिनियात पत्त्यांची नोंद ठेवणारे दोन स्वयंचलित प्रोग्राम एकमेकांच्या पायात पाय घालून पडले. डायनॅमोडीबी या डेटाबेसचा पत्ता कोरा झाला. जगभर ॲप्स गळपटली. अमेरिकेत तर इंटरनेटला जोडलेल्या महागड्या गाद्यासुद्धा बिघडल्या, कुणाची गरम झाली, कुणाची तिरपी अडकली. आमच्याकडच्या कापसाच्या गादीला अजून अपडेट आलेलं नाही.

धोनी आउट

नेटफ्लिक्सनं अशा बिघाडांवर शोधलेला उपाय मला सगळ्यात आवडतो. २००८ साली त्यांचा डेटाबेस बिघडला आणि तीन दिवस डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. तेव्हा वैतागून त्यांनी क्लाऊडवर जायचं ठरवलं. तो मुक्काम हलवायला सात वर्षं लागली, जानेवारी २०१६ मध्ये काम पूर्ण झालं. मधल्या काळात त्यांनी ‘केऑस मंकी’ नावाचा प्रोग्राम लिहिला. हे माकड चालू यंत्रणेत शिरून कुठलंही एक मशीन बंद पाडतं. मुद्दाम! तेही कामाच्या दिवशी, ऑफिसच्या वेळेत, म्हणजे इंजिनिअर जागे असताना. माकडाच्या हाती कोलीत देऊ नये असं आपली आजी सांगायची. यांनी कोलीत दिलं आणि लंका जळत नाही ना, ते बघत बसले.

पण आपल्या मातीतली गोष्ट १० जुलै २०१९ ची आहे. मँचेस्टर, वर्ल्ड कपची सेमीफायनल, भारत विरुद्ध न्यूझीलंड. हॉटस्टारवर त्या क्षणी २ कोटी ५३ लाख लोक एकाच वेळी. मार्टिन गप्टिलचा थ्रो थेट स्टंपवर, धोनी रनआउट. आणि देशभरातल्या अंगठ्यांनी एकाच वेळी ‘बॅक’ दाबलं.

इंजिनिअर लोकांची भीती गर्दी चढण्याची असते असं आपल्याला वाटतं. त्यांची खरी भीती गर्दी उतरण्याचीही असते. व्हिडिओ बघत असतो तेव्हा माणूस सर्व्हरला फारसा त्रास देत नाही, तुकड्या-तुकड्यानं चित्र येत राहतं. ‘बॅक’ दाबलं की तो होमपेजवर येतो. तिथं त्याचं नाव, त्याच्या आवडीच्या मालिका, अर्धवट पाहिलेले सिनेमे, सगळं नव्यानं मागवावं लागतं. मॅच बघताना जे सर्व्हर आरामात बसले होते, त्यांच्यावर काही सेकंदांत कोटी लोक येऊन आदळतात. लग्नात अक्षता पडेपर्यंत भटारखाना निवांत असतो आणि शेवटचं ‘सावधान’ झालं की सगळा मांडव पंगतीकडं धावतो, तसं. ‘गर्दी वाढली की मशीन आपोआप वाढतील’ हे क्लाऊडचं आवडतं वचन अशा वेळी कामी येत नाही. नवं मशीन उठून कामाला लागेपर्यंत एक षटक संपलेलं असतं. म्हणून ती मंडळी आधीच अंदाज बांधून मशीन उभी करून ठेवतात. त्या दिवशी संघ हरला, सर्व्हर नाही. २०२३ च्या फायनलला हा आकडा ५ कोटी ९० लाखांवर गेला. तो सामनाही आपण हरलो, तेव्हा ‘बॅक’ दाबण्याचा सराव भरपूर झाला आहे.

रात्री दीडचा टँकर

आमचं ॲप पंधरा दिवस सुरळीत चाललं. वॉचमन बटण दाबतो, नोंद होते, महिनाअखेरीला बेरीज निघते, क्लाऊडचं बिल शून्य. सोळाव्या दिवशी सकाळी काकांनी बेल वाजवली. चेहरा गंभीर. हातात छापील कागद.

‘हे बघ. रोज रात्री दीड वाजता एक टँकर येतोय. मध्यरात्री! कुणाच्या टाकीत ओततायत?’

क्लाऊडवरच्या मशीनचं घड्याळ बहुधा यूटीसीवर असतं, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. सकाळी सातच्या टँकरची नोंद रात्री दीडची पडते. मी चार ओळी बदलायला विसरले होते. हे सगळं मी काकांना कागदावर पृथ्वी काढून समजावलं, ग्रीनिच दाखवलं, साडेपाच मिळवून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकलं, मान डोलावली, कागदाची घडी करून खिशात घातली.

‘ते सगळं बरोबर आहे गं,’ जिना उतरता उतरता ते म्हणाले, ‘पण वॉचमनला मी सांगून ठेवलंय. आज रात्री दीडला दोघं जण गेटवर बसणार आहोत.’